मामंजी आणि द्राक्षासवाची बरणी

फाल्गुन वद्य तृतीया. दुपारची जेवणं आटोपून मी ओसरीवर गहू निवडत होते, तेव्हा विंझरची ठकूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन दारात आली. शिमगा झाला की ती दरवर्षी येते. वेल्ह्याकडच्या डोंगरातली धायटीची लाल फुलं वाळवून आणते, चहा घेते आणि मामंजींशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, भांडून जाते. तिने गाठोडं उतरवलं आणि औषधांच्या खोलीकडे बघून हाक दिली, "वैद्यबाबा, या भाईर. यंदाची फुलं बगा. न्हाईतर मागनं म्हणाल, ठकीनं निम्मा पाचोळाच आणला." आतून उत्तर आलं नाही, तशी माझ्याकडे वळली. "कुठं गेलं म्हातारं?"

"ठकूबाई, मामंजी गेले. माघात."

ती उंबऱ्याशीच टेकली. गाठोड्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग आता ही फुलं कुणाला?"

प्रश्न रास्त होता. मामंजी गेल्यापासून तोच आमच्या घरात लोंबकळत होता. माझे यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून. त्यांचं म्हणणं, पुण्याहून कारखान्याच्या बाटल्या भोरच्या बाजारात येतात, मग आपण हा खटाटोप कशासाठी करायचा? खोली रिकामी केली तर मुलांना अभ्यासाला होईल. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मामंजींनी शेवटची घातलेली बरणी अजून तुसाच्या ढिगात होती, आणि ती उघडल्याशिवाय मला काही ठरवायचं नव्हतं. ठकूबाईला मी चहा दिला, गाठोडं ठेवून घेतलं.

आमच्याकडे द्राक्षासव मामंजींच्या आजोबांपासून होतं. मनुका पाण्यात उकळून पाणी चौथाई उरवायचं, निवल्यावर त्यात गूळ, मध आणि मसाल्याची पूड घालायची, आणि वर ही धायटीची फुलं. काढा आंबतो तो फुलांमुळे. आतून तुपाचा हात फिरवलेली चिनी मातीची बरणी घ्यायची, तोंडाला कापड बांधून माती लिंपायची आणि ती गळ्यापर्यंत भाताच्या तुसात पुरून ठेवायची. एवढं कुणीही करील. खरी गोष्ट पुढे होती. बरणी कधी उघडायची? इतर वैद्य मधेच झाकण काढून काडी ओढून बघतात. काडी विझली तर आसव अजून कच्चं, जळत राहिली तर तयार. मामंजींना ते मान्य नव्हतं. "दर घटकेला झाकण काढणाऱ्या बाईचा भात कच्चाच राहतो," म्हणायचे. आमच्या घरी बरणीला कान लावायचा. आत बारीक चरचर चालू असेल तोवर हात लावायचा नाही. बरणी बोलायची थांबली की उघडायची. रोज सकाळी संध्या आटोपून मामंजी गुडघे टेकून बसत आणि डोळे मिटून बरणीला कान देत. ठकूबाईने एकदा ते पाहिलं आणि मला विचारलं, "म्हातारं आयकतंय का डुलक्या काढतंय?"

स्वभावाने ते कमी बोलणारे, पण बोलले की माणसाला गप्प करीत. संस्थानचा अबकारीचा माणूस एकदा खोलीत येऊन बाटलीचा वास घेत उभा राहिला. "वैद्यबुवा, ही दारू म्हणायची की औषध?" मामंजींनी त्याच्यापुढे चमचा धरला. "याने घेतलंस तर औषध. पेला मागितलास तर तुझं तू बघ." त्याने चमच्यानेच घेतलं. एकदा आमच्याकडे पुण्याचे एक डॉक्टर उतरले होते, ते सांगत होते की फ्रान्सात द्राक्षाची दारू करणारी घराणी असतात, बाप मुलाला शिकवतो, तळघरात पिंपंच्या पिंपं भरलेली असतात. मामंजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते कान लावतात का?" डॉक्टर म्हणाले, ते चाखून ठरवतात. "चाखणाऱ्याला घाई असते," मामंजी म्हणाले.

विलायतेत लढाई सुरू झाली त्या वर्षीची गोष्ट. भर दुपारी औषधांच्या खोलीत ठो ठो आवाज झाले. जाऊन बघते तो फडताळातल्या बाटल्यांची बुचं उडालेली, भिंतीवरून आसव ओघळतंय. बाटलीत भरल्यावरही ते आंबत होतं, म्हणजे बरणी लवकर उघडली गेली होती. मामंजी म्हणाले, "यंदा बुचं हलकी आली." यजमान म्हणाले, "हे आता पुरे झालं." मी भिंत पुसली. मला बुचांचं कारण पटलं नव्हतं. पुढच्या खेपेला मामंजी बरणीजवळ बसले होते, तेव्हा मी मागून दोनदा विचारलं, दूध आणू का. त्यांनी मान वळवली नाही. उठताना म्हणाले, "शांत झाली. उद्या उघडू." ते बाहेर गेल्यावर मी कान लावला. आत तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी चरचर चालू होती. मामंजींना ऐकू येत नव्हतं, आणि म्हणून त्यांच्या लेखी प्रत्येक बरणी शांत होती.

सांगावं तर त्यांच्या हातून आसव जाणार. यजमान त्याच दिवशी फडताळ रिकामं करणार. न सांगावं तर कच्चं आसव बाळंतिणींच्या आणि आजाऱ्यांच्या पोटात जाणार. दोन्ही मला नको होतं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी पळी आणि फडकं मागितलं, तेव्हा मी तोंडासमोर जाऊन म्हटलं, "मामंजी, आज माझे हात मोकळे नाहीत. गाळायला कोण बसणार?" त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या केसांना तूस चिकटलं होतं, ते मला नंतर कळलं... ते पानावर बसले, जेवले आणि हात धुताना म्हणाले, "तुझे हात मोकळे झाले की सांग. मला घाई नाही."

त्यानंतर रोज सकाळी ते बरणीला कान लावीत, ते उठल्यावर मी लावी, आणि मग ते ओसरीवरून विचारीत, "सूनबाई, हात मोकळे आहेत का?" मी समोर जाऊन नाही म्हटलं की पंचांग उघडून बसत. हो म्हटलं की पळी घेत. पुन्हा बूच उडालं नाही. त्यांच्या कानांविषयी आम्ही दोघं एक शब्द कधी बोललो नाही. यजमानांना वाटे, मी कामचुकार झाले आहे. एकदा म्हणालेही, "बाबांना रोज विचारावं लागतं तुला." मामंजींना ते ऐकू गेलं नाही, पण यजमानांच्या चेहऱ्यावरून समजलं असावं. "तिचं तिला कळतं," ते म्हणाले.

पौषात त्यांनी ही बरणी घातली आणि आठवड्याभरात अंथरूण धरलं. थंडीत आसव सावकाश होतं. मी रोज कान लावून यायची आणि त्यांच्या उशाशी बसायची. बोलायला त्रास होई, तरी विचारीत, "हात...?" मी मान हलवून नाही म्हणे. शेवटच्या सकाळी त्यांनी माझा हात उलटा करून तळवा पाहिला, खरंच मोकळा आहे का बघावं तसा, आणि म्हणाले, "राहू दे. घाई नको." दुपारी गेले.

ठकूबाई त्या रात्री आमच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वाटेला लावलं, फुलं सुपात काढली आणि औषधांच्या खोलीत गेले. बरणीजवळ उभी राहिले. आधी ते वाकायचे, मग मी, अशी सवय... मग गुडघे टेकले. आवाज बारीक झाला होता, पण होता. बाहेर आले तर यजमान फडकं आणि पळी घेऊन दाराशी उभे. कचेरीचा कोट अजून घातला नव्हता. म्हणाले, "आज उघडायची का? म्हणजे एकदाचं होऊन जाईल."

"आज माझे हात मोकळे नाहीत," मी म्हटलं आणि धायटीची फुलं निवडायला बसले.