कोळ्ळिमाडांचा अकरावा गडी

देच्चम्माच्या डाव्या गुडघ्यातला लिगामेंटचा दोर तुटला तो भर मैदानात, अर्ध्या कोडगू जिल्ह्याच्या देखत. समोरच्या गड्याला अडवायला ती गर्रकन वळली, पाऊल गवतात रुतून राहिलं आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. पण बाईचा स्वभाव असा, की स्ट्रेचर आलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो, "चेंडू कुणाकडे गेला?"

वय सेहेचाळीस, दोन मुली कॉलेजात, कॉफीचा मळा स्वतः बघणारी. सासरच्या घराण्यात हॉकीचे दोन संघ भरून उरतील एवढी माणसं, तिथं तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. म्हणून घराण्याघराण्यांच्या वार्षिक हॉकीत ती माहेरच्या कोळ्ळिमाडांकडून उतरायची. माहेर आटत चाललेलं. कुणी फौजेत, कुणी दुबईत. शाळकरी पोरं आणि साठीचे दोन काका धरून मोजले तरी दहाच भरायचे. अकरावी देच्चम्मा. ती नसेल तर नाव मागे घ्यायचं, आणि एकदा मागे घेतलेलं नाव परत द्यायला कुणी जात नाही, हे तिनं दुसऱ्या घराण्यांचं पाहिलं होतं.

ऑपरेशन म्हैसूरला झालं. पुढचं सगळं गोणीकोप्पलच्या फिजिओथेरपिस्ट पूवम्माच्या हातात. पूवम्मा तिशीची, आवाजानं मऊ आणि दयामायेच्या नावानं शून्य. शिवाय ती बाळेयंडा घराण्याची मुलगी, त्यांची आघाडीची खेळाडू. बाळेयंडांपुढे कोळ्ळिमाडा आजवर एकदाही जिंकले नव्हते.

"अक्का, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी आहे. ती दाबा."

"एवढंच?"

"दाबून तर दाखवा."

मांडी हलली नाही. ज्या मांडीनं तीस वर्षं मळ्याचे चढ चढले, ती एक टॉवेल दाबेना. देच्चम्मानं परत दात आवळले, परत काही नाही. त्या दिवशी ती दवाखान्यातून हसत बाहेर आली आणि जीपमध्ये बसून ढसाढसा रडली.

मग रोजचं सुरू झालं. टॉवेल, मग टाच सरकवणं, मग एक पायरी, मग दहा. पाय वाकायला लागला, मांडी भरायला लागली, आणि डिसेंबरात एका सकाळी तिच्या लक्षात आलं की दुखतच नाहीये. झालं, बाईला पंख फुटले. पुत्तरीला, नवं भात घरात आलं त्या सणाला, गावच्या माळावर बायकांनी रिंगण धरलं तेव्हा ती मधोमध घुसली आणि दोन तास थांबली नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा टरारून सुजला. घरातल्या जाणत्यांनी त्यावर डुकराची चरबी चोळली. त्यानं सूज तसूभर उतरली नाही, फक्त गुडघा चकाकायला लागला.

"जिना उतरताना जरा मुरगळला," तिनं पूवम्माला सांगितलं.

"कुठला जिना? तुम्ही माझ्या आईशेजारी नाचत होता. आई म्हणाली, देच्चम्मा काय सुरेख गिरक्या घेते."

देच्चम्मा ओशाळली, आणि ओशाळली की ती चावते. "तुझं बरंय. मी नाही उतरले तर तुम्हा बाळेयंडांची एक मॅच वाचली."

पूवम्माचे हात गुडघ्यावरच थांबले.

"मैदानात मी तुम्हाला सोडणार नाही, अक्का," ती म्हणाली. "पण तिथपर्यंत मीच तुम्हाला नेणार आहे. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नसतं. दोर नवा आहे, त्याला अजून तुमची ओळख पटायचीय. आता पुढचे तीन आठवडे परत पहिल्यापासून. टॉवेलपासून."

देच्चम्मानं निमूटपणे टॉवेल गुडघ्याखाली घेतला.

परीक्षा ठरलेली होती. एका पायावर उभं राहून पुढे उडी मारायची आणि त्याच पायावर न डगमगता थांबायचं. चांगला पाय जिथवर जातो, त्याच्या शंभरातले नव्वद तरी दुखऱ्यानं गाठायचे. गाठले तरच खेळायची परवानगी. मार्चअखेरीस कॉफी वाळवायच्या खळ्यावर पूवम्मानं खडूनं रेघ मारली. बिया पसरणाऱ्या बायका दंताळी टेकून बघत राहिल्या. उजवा पाय एकशे दहा सेंटिमीटर गेला. डावा पंचाण्णव; हवे होते नव्व्याण्णव.

देच्चम्माचा धाकटा भाऊ बेळ्ळियप्पा संघाचा कप्तान. तो हवालदिल झाला, कारण सामन्यांच्या चिठ्ठ्या कालच निघाल्या होत्या आणि पहिलीच गाठ बाळेयंडांशी पडली होती. "चार सेंटिमीटरसाठी अडवतेस होय? लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना?"

"अण्णा, लोकांचा गुडघा नाही तो," पूवम्मा म्हणाली.

"अक्का, तू उतर गं. हिला कोण विचारतंय?"

सगळ्यांनी देच्चम्माकडे पाहिलं. तिलाही उतरायचंच होतं, जीव तुटत होता. "चार सेंटिमीटर कमी आहेत, बेळ्ळी," ती म्हणाली. "ही म्हणेल तेव्हा उतरेन."

पुढचे अठरा दिवस पूवम्मा रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून मळ्यावर यायची. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी डावा पाय एकशे तीन गेला. तिनं टेप दोनदा लावला, कागदावर सही केली आणि चहा न घेताच निघाली. तिला स्वतःच्या संघाचा सराव होता.

सामना दुपारी. कोळ्ळिमाडांच्या एका शाळकरी पोरानं कसा कोण जाणे एक गोल मारला आणि मग उरलेला वेळ सगळे जीव मुठीत धरून मागे खेळत राहिले. शेवटचं मिनिट लागलं आणि पूवम्मा चेंडू घेऊन एकटी सुटली. पुढे फक्त देच्चम्मा आणि गोलकीपर काका. तो गुडघा पूवम्माइतका कुणालाच माहीत नव्हता. ती नेमकी अशा बाजूनं शिरली, की देच्चम्माला डाव्या पायावरच वळावं लागावं.

देच्चम्मा वळली. तेच वळण, तसंच रुतलेलं पाऊल. पाय खांबासारखा उभा राहिला आणि तिनं स्टिक घालून चेंडू काढून घेतला. शिट्टी वाजली. कोळ्ळिमाडांनी बाळेयंडांना हरवलं होतं, आणि साठीचे काका गोलमध्येच बसून रडत होते.

पूवम्मा स्टिक टाकून पळत आली. हात मिळवायचं सोडून ती गवतावर बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा चाचपू लागली.

"सूज नाही. दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"पुत्तरीची शपथ."

"अगं ए," बाळेयंडांचा म्हातारा काठावरून ओरडला, "तू नक्की कुणाची?"

पूवम्माला हरल्याचा चेहरा करायचा होता, पण तो काही केल्या जमेना. "तुमचीच, अज्जा," ती म्हणाली, आणि देच्चम्माकडे वळली. "उद्या दहाला या, अक्का. तुमची पुढची मॅच परवा आहे."