आंग धुतलं का डोस्कं उठते

नात मोबाईलवर लिहून राहिली, मी बोलून राहिली. ती म्हने, इथं लोक असेच अनुभव सांगतेत, तू बी सांग. पयलेच सांगतो — भूतबाधा, करनी, आंगात येनं... हे आमच्या घरातून छप्पन साली दीक्षा घेतली तवाच गेलं. मी चौथी शिकली. मोर्शीकडं संत्र्याच्या बागेत मजुरी केली, नवरा गेल्यावर लेकरं मोठे केले. भेव कशाचं वाटलं नाई.

माही सासू, आमच्याकडं सासूले आत्याबाई म्हनतेत, ती कधी आंग धुये नाई. दुपारी ओल्या फडक्यानं पुसे, बस. गल्लीतल्या बाया हासत — बुढीचं अन् पान्याचं काय भांडन आहे म्हनत. सासरा त चारचौघात तिले घान म्हने. ती एक शब्द बोले नाई.

जायच्या आधी मातर बोलली. "मले पानी टाकू नका... पुसा मले." आमाले वाटलं, तापात बडबडून राहिली. मंग ती गेली. मयताले आंगनात कढत पान्यानं आंगोळ घालाची आमच्या इथं रीत आहे, तशी घातली. मोठी सून म्हनून पयला गडवाभर पानी मीच टाकलं.

पाव्हने गेल्यावर मी न्हानीत बसली. गरम पानी आंगावर टाकलं न... मागून डोस्क्यात कोनं घन हानावा तसं झालं. हळूहळू चढलं असं नाई, एकदमच. ओकाऱ्या झाल्या. भितीले टेकून लय वेळ बसली, मंग उतरलं. वाटलं, थकवा असन. दुसऱ्या दिवशी बी तेच. बागेत पावसात भिजली त काई नाई, भांडे घासले त काई नाई. न्हानीत आंगावर पानी पडलं का डोस्कं फुटे.

मंग मी बी ओलं फडकं घेतलं. आंग पुसता पुसता समजलं, बुढी काहून पुसे.

बाया आल्या. म्हने, बुढी लागली तुले, उतारा कर. मी त्यायले चहा पाजला अन् वापस लावलं.

पोरगी अकोल्याले असते, ती मले डोस्क्याच्या डाक्टरकडं घेऊन गेली. त्यानं सारं इचारलं — पानी पडताच दुखते का थोड्या वेळानं, गरम पान्यानं का थंड्या, बिना आंगोळीचं कधी दुखते का. म्हने, असं एकदम दुखलं त पयले डोस्क्यातली नस पाहा लागते. मशीनमंदी फोटो काढला. नस चांगली निघाली. मंग म्हने, "आजी, आंघोळीनं डोकं दुखायचा आजारच असतो. फार कमी लोकांना होतो, पण होतो."

मी म्हटलं, "माह्या सासूले बी हेच होतं, साहेब. सासूचं सुनेले येते का?"

तो हासला. "सासूचं रक्त सुनेत कुठून येईल, आजी?"

"मले बी तेच समजत नाई," मी म्हटलं.

त्यानं गोळ्या लिहून देल्या, गरम पानी बंद केलं. आता कमी आहे. कोमट पानी पायापासून हळूहळू घेतलं त निभते. कढत पान्याचं मातर आजबी तसंच.

आजाराले नाव भेटलं. पन बुढीले पानी टाकलं त्याच दिवसापासून मलेच काहून लागला, हे कोनी सांगितलं नाई. मी बी कोनाले भूत म्हनू देत नाई. पन आमच्या घरी सून एकच आहे, सुषमा. मी गेली त पयला गडवा तिच्याच हातात येईन. म्हनून तिले बसवून सांगितलं — मले पानी टाकू नका, ओल्या फडक्यानं पुसजा.

सुषमा म्हने, "आत्याबाई, लोक काय म्हनतीन?"

"लोकायनं त्यायच्या न्हानीत आंग धुवावं. तू मले पुस."

ती उठून चुलीकडं गेली. पोरगं म्हने, माय, कायबी बोलतं तू.

परवा लुगडं काढाले पेटी उघडली. वरतीच एक पांढरं फडकं घडी करून ठेवलं होतं, नवं, धुतलेलं. सुषमा चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी लुगडं घेतलं अन् पेटी लावून देली.