कच्चा टाका

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हे, शिवणाचे. कोटाच्या शिलाईत त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि हट्टात तर नाहीच नाही.

हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. मग काय, सुई टोचली की रक्त थांबेना. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक वकिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, ऐन कॉलरवर, लाल ठिपका पडला. वकील भला माणूस, काही न बोलता सदरा घडी घालून घेऊन गेला. चार शब्द सुनावले असते तर बरं. मास्तर कितीतरी दिवस रस्त्याकडे पाठ करून मशीनवर बसायचे.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या कोपऱ्यात एक खिसा असतो. तिथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं पडतं. मांडीच्या शिरेतून छोटंसं झाकण नेऊन त्या खिशाचं तोंड बंद करू. पुढे ही गोळी सुटेल."

"खिसा बंद करायचा ना? मग शिंप्याला काय समजावता?" मास्तर खुशीत.

झाकण बसलं. त्यावर आतून पापुद्रा धरेपर्यंत गोळी चालूच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. रोज सकाळी मी गोळी ह्यांच्या हातावर ठेवायची, हे वर पाणी प्यायचे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. झाकणावरच गुठळी धरली होती.

"गोळ्या घेताय ना?"

"मी स्वतः देते," मी ठसक्यात म्हटलं.

मास्तर चपलांकडे बघत होते. "वकिलांनी पुन्हा पांढरं कापड दिलं. म्हटलं, खिसा तर बंद झालाय. तू वळलीस की जिभेखालची गोळी काढून टाकायचो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "पक्की शिलाई पडायच्या आधी कच्चा टाका उसवतात का हो?"

"नवशिकासुद्धा नाही उसवत," ते पुटपुटले.

गुठळी अजून जागची हलली नव्हती. औषधाने विरघळेल, पण आता एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वकील दुकानात आले. मास्तरांनी कापड तसंच परत केलं. मग माझ्या हातून गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि वकिलांच्या देखत माझ्यासमोर तोंड उघडून जीभ वर केली.

मी काही दाखवा म्हटलं नव्हतं. पुढे होऊन हनुवटीला हात लावून मीच त्यांचं तोंड मिटवलं.