गुरुवारचा मऊ भात

मंडळी, आज मी घरात एक चोरी कबूल केली.

तीन महिने झाले, दर गुरुवारी मी काउन्सेलरकडे जाते. घरी सांगते, दातांच्या डॉक्टरकडे. मनाचा डॉक्टर म्हटलं की आपले लोक वेडी ठरवून मोकळे होतात ना!

आज दुबई मरीनातल्या त्या क्लिनिकमध्ये शिरले, तर समोर ऑफिसमधली मार्सेला. कोलंबियाची. फोनवर आईशी बोलत होती. दोघी गोऱ्यामोऱ्या झालो.

फोन ठेवून म्हणाली, "आईला सांगितलंय, चर्चमध्ये आहे. असलं दुखणं फक्त देवाला सांगायचं असतं म्हणे."

मी म्हटलं, "माझी तर दाढ किडलीये!"

इतक्या हसलो की रिसेप्शनिस्ट बघत राहिली.

अल मनखूलला घरी आले. सासूबाईंनी नेहमीसारखा मऊ भात वाढला. सुनेचे दात दुखतात म्हणून दर गुरुवारी न चुकता करतात! आज मी ताट बाजूला सारलं. सगळं खरं सांगून टाकलं. खलास.

त्या म्हणाल्या, "म्हणजे दात चांगले आहेत? थांब, भाकरी टाकते."

भाकरी थापताना, मागे न बघता हळूच विचारलं, "तिथे माझ्या वयाच्या बायका येतात का गं?"

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी जाणार आहोत. शेजारच्या काकूंना काय सांगायचं, तेही सासूबाईंनीच ठरवलंय. दातांच्या डॉक्टरकडे.

तुम्ही काय सांगून जाता?