मामाची आवडती चौकट

माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जडशीळ फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच टाकायची, काढायची, दुसरी टाकायची आणि विचारायचं, "हे बरं दिसतंय, की हे?" सगळं आयुष्य त्याने हा प्रश्न विचारण्यात घालवलं. गिऱ्हाईक थोड्या वेळाने कंटाळतं आणि म्हणतं, "दोन्ही सारखंच." मग मामाचा जीव खालीवर होतो. "सारखंच कसं असेल? नीट बघा ना जरा!"

पण हाच प्रश्न त्याच्यावर उलटला की संपलं. दोन शर्ट पलंगावर मांडून तो असा उभा राहतो, की एकाला नाही म्हटलं तर तो रडायला लागेल. शेवटी मामी येते, एक उचलून कपाटात टाकते आणि म्हणते, "घाला उरलेला."

त्याच्या कॅमेऱ्यांचंही हेच होतं. मामाला जुन्या रुंद रोलवर फोटो काढायचा नाद. त्या रोलच्या पाठीशी कागद असतो आणि गंमत अशी, की रोल तोच, पण कॅमेरा बदलला की फोटोची चौकट बदलते. मामाकडे तीन कॅमेरे. पहिला घडीचा, पुढे भाता असलेला. त्यात लांबट फोटो येतात, रोलमध्ये आठ. दुसरा वजनाने वीट. त्यात जरा आखूड, दहा. हे दोन्ही डोळ्याला लावून बघायचे. तिसरा पेटीसारखा, पोटाशी धरून, मान खाली घालून वरून बघायचा; त्यात चौकोनी फोटो, बारा. यातला आपला कोणता, यावर मामाने वर्षानुवर्षं डोकं खाल्लं. स्वतःचं कमी, आमचं जास्त.

"लांबट चौकटीत कसं, माणसांना श्वास घ्यायला जागा मिळते," तो सांगायचा. आम्ही मान डोलावेपर्यंत पुढचं वाक्य यायचं. "पण मग नुसती जागाच दिसते, नाही का?"

मामी साठ वर्षांची झाली तेव्हा सगळे नातेवाईक जमले. मामाने भात्याचा कॅमेरा काढला, आम्हाला गच्चीवर ओळीत उभं केलं आणि बराच वेळ उजवा डोळा लावून बघत राहिला. "सगळे आलात बरं का! हलू नका!" रोल धुऊन फोटो आले आणि घरात हलकल्लोळ झाला. फोटोत डाव्या टोकाला थोरल्या मावशीचं कोपर होतं. पर्स होती. मावशी नव्हती.

"लहानपणापासून हा मला असाच वगळत आलाय," मावशी म्हणाली. ती मामाची मोठी बहीण, त्यामुळे तिला लहानपणापर्यंत जायला वेळ लागत नाही. "पर्स बरी दिसली रे तुला!"

"अगं ताई, दिसत होतीस तू! शप्पथ! कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलंय."

मामाने कॅमेरा दुरुस्तीला टाकला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, पुसला, बंद केला आणि परत दिला. "यात काही नाही. ठणठणीत आहे." मग मामाने वीट काढली. तिच्यातून आला शेजाऱ्यांचा सायकलवरचा फोटो. सायकलला पुढचं चाक नव्हतं.

आणि एका रविवारी जेवताना मामाने जाहीर केलं, "माझं ठरलं. चौकोन. यापुढे फक्त चौकोन!"

मी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांनी माणसाचं काहीतरी ठरलं होतं! पण मामीचा हात वाढता वाढता थांबला. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला हे लक्षण बरं दिसत नाही."

"कसलं लक्षण?"

"ह्यांनी स्वतःहून ठरवलं. एका दमात. तू पाहिलंयस कधी?"

मी हसण्यावारी नेलं. पण चालता चालता ते मनात सलायला लागलं. मावशी डाव्या टोकाला होती. सायकलचं चाकही डावीकडेच असणार.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याचं निमित्त काढून दुकानात गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामा स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता, डाव्या डोळ्यावर तळहात दाबून, समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत. मला पाहताच त्याने हात असा काढला, जणू डोळ्यावर माशी बसली होती.

"शेवटची ओळ वाचली," तो घाईघाईने म्हणाला. "अगदी खालची, बारीक. एकही अक्षर चुकलं नाही."

"मामा, तो तक्ता तुला पाठ आहे."

"आहेच," तो म्हणाला, आणि काउंटरवरच्या काचा पुसायला लागला. त्या आधीच पुसलेल्या होत्या. "आणि पाठ नसता तरी वाचला असता. तक्ता फक्त मधलं विचारतो. कडेचं विचारतच नाही."

मग त्याने एक बोट नाकासमोर धरलं, डावा डोळा मिटला आणि बोट हळूहळू डावीकडे सरकवलं. "इथपर्यंत आहे," तो म्हणाला. बोट आणखी जरा सरकलं. "आता नाही." त्याचा आवाज अगदी साधा होता.

"दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, कळतच नाही," मामा म्हणाला. "कॅमेऱ्याला एकटा उजवाच लावतो ना मी. पेटीवाल्यात काय, काच हातभर लांब, चित्र छोटंसं. सगळं मावतं. म्हणून चौकोन. आवडनिवड कसली घेऊन बसलायस!"

"काचबिंदू?"

"माझ्या बाबांना होता. तेव्हा कोणाला कळलं नाही. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. शेवटी भिंतीला हात लावून चालायचे." त्याने एक काच उजेडासमोर धरून पाहिली. "इथे येणाऱ्या लोकांना मी काय सांगतो माहितीये? उद्यावर टाकू नका, आजच डॉक्टरांकडे जा. ओरडतो त्यांच्यावर."

"मग आज जाऊया."

"जाऊ रे. बघू. पेटीवाल्याचे चार फोटो बाकी आहेत, तो रोल संपू दे. हिला सांगू नकोस मात्र. घाबरेल ती."

घाबरलेली मामी आम्हाला घरी टेबलाशी बसलेली सापडली. तिने सगळे फोटो काढून ओळीने मांडले होते. लांबट एका बाजूला, आखूड मध्ये, चौकोनी शेवटी.

"बसा," ती म्हणाली. मामा बसला. "ही तुमची ताई. हे चाक. हा माझ्या भावाचा अर्धा कान. हे सगळे डावीकडचे. कॅमेरे दोन, चूक एकच. मग काय बिघडलंय?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अहो, लोकांचे डोळे तपासता आणि स्वतःच्या डोळ्यासाठी कॅमेरा दुरुस्तीला टाकता? उद्याची वेळ घेतली आहे. तो रोल संपो न संपो."

डोळ्यांच्या दवाखान्यात मामाला एका मोठ्या पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. समोर ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाई समजूतदार होत्या. त्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

"दिसल्यासारखं वाटलं तर?" आतून मामाचा आवाज आला.

"वाटलं तरी दाबा, काका."

"आणि नक्की नसेल तर?"

"तरी दाबा."

"आणि मघाशी एक दिसला होता, पण मी विचार करत होतो, तोवर गेला. त्याचं आता दाबू?"

"काका, गेलेल्याचं सोडा."

बाहेर मामी बाकावर बसली होती. मामाचा चष्मा तिच्या हातात होता आणि ती त्याच्या काड्या मिटत होती, उघडत होती. आतून बटणाचा आवाज यायचा. टक. टक. मध्येच बराच वेळ काहीच यायचं नाही. तेवढा वेळ आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो आणि पुन्हा टक वाजलं की एकमेकांकडे न बघता सोडायचो. उजव्या डोळ्याच्या पाळीला त्या शांतता फार लांब होत्या.

डॉक्टरीणबाईंनी छापील आकृती पुढे ठेवली. उजव्या डोळ्याच्या चित्रात नाकाकडच्या बाजूला काळा डाग पसरला होता. डाव्यात नुसती सुरुवात होती, करडी. "गेलं ते परत येत नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते बहुधा टिकवता येईल. रोज थेंब. आयुष्यभर. आणि ठरलेल्या तारखेला तपासणी चुकवायची नाही."

"बहुधा," मामा म्हणाला.

"बहुधा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी नंबर बघायला काचा काढल्या. "हे बरं दिसतंय, की हे?"

मामाने खूप प्रयत्न केला. एकदा पुढे झुकला, एकदा मागे. शेवटी कसनुसा हसला. "दोन्ही सारखंच," तो म्हणाला, आणि परतताना रिक्षात मला म्हणाला, "लोक खोटं बोलत नसतात रे. घाबरलेले असतात."

आता रोज संध्याकाळी मामी त्याच्या डोळ्यात थेंब टाकते. स्वतः टाकायला दिले तर पडला की नाही या विचारात तो बाटली संपवेल.

"पडला?"

"पडला."

"नक्की? गालावर नाही ना गेला?"

"अहो, डोळा मिटा गुपचूप!"

पहिल्या तपासणीत आकृती होती तशीच आली. त्या रविवारी पुन्हा सगळे जमले. मामाने पेटीवाला कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. त्याच्या काचेत डावं उजवीकडे दिसतं, म्हणून त्याने मावशीला मुद्दाम डाव्या टोकाला बोलावलं.

"तिथे? पुन्हा?" मावशी म्हणाली.

"ये गं ताई. इथे तू मला उजवीकडे दिसतेस. अख्खी. पर्सबिर्स सगळं."

मावशी गेली. तिला एव्हाना सगळं माहीत होतं, त्यामुळे ती काही बोलली नाही. हेच फार भीतिदायक होतं. मामा काचेचा एकेक कोपरा बघत राहिला. आमचे चेहरे हसून हसून दुखायला लागले, पण कोणी घाई केली नाही. मग खटका वाजला.

पाहुणे गेल्यावर मी पाहिलं, तर मामा खिडकीशी भात्याचा कॅमेरा घेऊन उभा होता. डाव्या डोळ्याला लावून. नाक आडवं येत होतं, कोपर कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. थोडा वेळ तो रस्ता बघत राहिला. मग कॅमेरा खाली ठेवला, पेटीवाला उचलला, आणि परत हा उचलला.

"चौकोनात कसं, सगळं मावतं," तो म्हणाला. "पण लांबटला जी मोकळीक आहे ना... डाव्याने सवय करावी का? की नको? पुढच्या तपासणीनंतर ठरवू?"

मामीने पदराने डोळे टिपले. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

"सांग ना," मामा दोन्ही कॅमेरे तिच्यापुढे धरून म्हणाला. "हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच," मामी म्हणाली, आणि थेंबांची बाटली आणायला आत गेली.