घड्याळाशेजारचं पिवळं कुलूप

ही गोष्ट सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. विषय जवळ आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. दौंडमधले जुने लोक अजून मला 'भरवशाचा माणूस' म्हणतात. ते ऐकलं की स्वतःचीच चीड येते, म्हणून लिहितोय.

मी दौंड जंक्शनवर तारबाबू होतो. कुणाचा बाप गेला, कुणाची सोयरीक मोडली, हे घरच्यांच्या आधी मला कळायचं. माझ्या तोंडून ते बायकोलाही कधी कळलं नाही. निवृत्त झाल्यावर रेल्वे कॉलनीजवळ पाच कॉम्प्युटर टाकून नेट कॅफे काढला. वायरिंग करणाऱ्यानं काउंटरच्या मशीनवर एक प्रोग्राम टाकून दिला. कॅफेतून मेसेंजरवर जे काही जाई-येई, ते त्यात दिसायचं. तेव्हा ते मेसेज पोस्टकार्डासारखे उघडेच जायचे. "बाबूजी, टाइमपास," असं म्हणून तो हसला. तो प्रोग्राम मी त्याच दिवशी काढून टाकायला हवा होता. मी काढला नाही. रोज वाचत बसलो.

माझ्या एका वर्गमित्राची सून केडगावहून गाडीनं टायपिंगच्या क्लासला यायची. माहेर शिरूरचं, लग्नाआधी नर्सिंग केलेलं. क्लास सुटला की अर्धा तास माझ्याकडे बसून शिरूरच्या मैत्रिणीशी मेसेंजरवर बोलायची. मैत्रीण पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. एके दिवशी सुनेच्या मेसेजच्या जागी मला नुसता कचरा दिसू लागला. अक्षरं, आकडे, टिंबं, कशाचा कशाला मेळ नाही. मशीनवर नवीन काय टाकलंस, असं मी तिला सहज विचारलं, तर तिनं सरळ सांगून टाकलं. मैत्रिणीनं कुलपाचा प्रोग्राम पाठवला होता. दोन्हीकडे तो असला की मेसेज इकडून निघताना बंद होतो आणि तिकडेच उघडतो, मधे कुणाला वाचता येत नाही. घड्याळाशेजारी बारीक पिवळं कुलूप असलं म्हणजे तो चालू आहे.

"तुमच्यापासून न्हाई हो काका," ती म्हणाली. "तुम्ही तर तारवाले. आमच्या घरात भिंतीलाबी कान हायेत, म्हणून."

मला राग आला. तीस वर्षं लोकांच्या तारा हाताळलेल्या माणसासमोर एक पोर दार लावून घेते, असं वाटलं. आज त्या रागाची लाज वाटते. तिनं बंद केलेलं दार तिचं होतं. तिथं कान लावून मी बसलो होतो.

त्याच आठवड्यात वर्गमित्र कॅफेत आला. गावात मान असलेला, सोसायटीवर निवडून आलेला बागायतदार. सून हल्ली गप्प असते, इथं बसून काय लिहिते, असं त्यानं विचारलं. मी कुलपाचं सांगितलं, तसा तो म्हणाला, "सरळ माणसाला कुलूप कशाला लागतंय रं?"

हे वाक्य मी नंतर शंभर तोंडांतून ऐकलं आणि दर वेळी माझं डोकं फिरलं. कारण हे म्हणणाऱ्या माझ्या मित्राच्या कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असायची, आंघोळीलाही सुटायची नाही. त्याला कुलूप चालत होतं, सुनेला नको होतं. हे मी तेव्हा तोंडावर बोललो नाही. उलट मान डोलावली.

तो गेल्यावर मी तिच्या नेहमीच्या मशीनवरून कुलपाचा प्रोग्राम काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ती बसली आणि थांबली.

"काका, आज कुलूप दिसत न्हाई."

"चालू आहे गं. दिसत नाही एवढंच. बस तू."

तिनं माझ्या शब्दावर टाइप केलं. पुण्याच्या एका हॉस्पिटलात नर्सची जागा होती. मैत्रिणीनं अर्ज भरला होता, सोमवारी मुलाखत, सर्टिफिकेटं घेऊन क्लासच्या नावानं निघायचं. पुरुषाचं नाव नाही, भानगड नाही. एका शिकलेल्या बाईला काम हवं होतं. तरी मी त्याचे कागद छापले आणि वर्गमित्राच्या हातात दिले.

सोमवारी ती निघाली नाही. सर्टिफिकेटं सासऱ्याच्या कपाटात गेली, क्लास बंद झाला. महिन्याभरानं त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ओसरीवर ती चहा घेऊन आली. सासरा हात धुवायला गेलेला. ती हळूच म्हणाली, "माहेरी गेले तवा मैतरीण म्हणाली, कुलूप न्हवतं. मी म्हटलं, काकांनी सांगितलंय, होतं म्हणून. होतं ना, काका?"

मी म्हणालो, "होतं."

मैत्रिणीनंच बातमी फोडली, असा संशय ती घेत राहिली असेल. त्या दोघींचं बोलणं तुटलं, हे मला पुढे वर्गमित्रानंच हसत सांगितलं. तिची नोकरी हुकली त्यापेक्षा हे मला जास्त लागतं.

कॅफे मी बंद केला. माफी मागायला दोनदा केडगावला गेलो. दोन्ही वेळा सासू समोरून हलली नाही, आणि हवापाण्याचं बोलून मी परतलो. पुढे त्यांच्या घरी मोबाइल आला, एकच, सासऱ्याच्या खिशातला. त्यावर काहीही पाठवलं तरी ते आधी तोच वाचणार, आणि त्याचा जाब तिला द्यावा लागणार. तरी एकदा मी बटणं दाबत लिहिलं, "पोरी, मैत्रिणीचं खरं होतं. मी खोटं बोललो. कागद मीच दिले. मला माफ कर." वाचून पाहिलं. नंबर घातला. आणि पाठवलं नाही.