दार उघडणारा कोणी मिळेना

एखाद्याला आग्रहाने काही खेळायला बसवले, की तो खेळो न खेळो, एक किस्सा मात्र देऊन जातो. माझ्याकडे असे किस्से आता खेळणाऱ्यांपेक्षा जास्त झाले आहेत, हे खेदाने नमूद करतो.

नांदेडला एम.एस्सी. करताना मी संगणकावरचा एक खेळ तयार केला. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. पडद्यावर येते, 'तू एका ओसाड गढीसमोर उभा आहेस.' आपण टाइप करायचे, 'पूर्वेला जा.' मग पुढचा मजकूर येतो. गढीतल्या शेवटच्या दालनाचे वर्णन लिहायला मला चार महिने लागले. ते कोणीतरी स्वतःच्या बळावर गाठून वाचावे, एवढीच अपेक्षा होती. दोन वर्षांत माझ्याशिवाय तिथे कोणीही पोहोचले नव्हते.

*

पहिला बसला तो हदगावचा इम्रान, माझा रूममेट.

"हाव गुरुजी, खेळतो ना," असा त्याने होकार भरला आणि टाइप केले, 'खालतं जा.'

खेळाचे उत्तर आले, 'समजले नाही.'

"दिशा लिही," मी म्हणालो. "उत्तर, दक्षिण."

"आमच्या गावात कोण म्हणतं दक्षिणेला जा? खालतं, वरतं, पल्याड. तुझ्या गढीला मराठी येत न्हाई."

आक्षेप रास्त होता. आठवडाभर खपून मी ते सगळे शब्द खेळाला शिकवले आणि त्याला पुन्हा बसवले. त्याने टाइप केले, 'हॉटेलकडं जा.' खेळ 'समजले नाही' म्हणेपर्यंत तो स्वतःच हॉटेलकडे निघून गेला होता.

*

दुसरा बसवराज ऊर्फ बसू, लातूरचा. त्या वर्षी लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने येत होते. माझ्या गढीत दुसऱ्या वळणावर एक बारव आहे. 'काठोकाठ भरलेली' असे तिचे वर्णन मी दुष्काळाच्या आधी लिहिले होते.

बसू तिथे थांबला. 'कळशी भर.' समजले नाही. 'घागर भर.' समजले नाही. 'बादली भर.'

"बसू, ती नुसती वर्णनापुरती आहे. पुढे जा."

"भरलेलं पाणी सोडून पुढं जाणारा माणूस लातूरचा न्हाई, गुरुजी."

तो शेवटपर्यंत पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याने हळूच विचारले, "पाणी हाय का अजून?"

"आहे."

"मग जास्त कोणाला सांगत बसू नको."

*

बसूचे मामा उदगीरचे भुसार व्यापारी. कपाळावर विभूती, हातात कायम एक फाईल. उदगीरचा नवा जिल्हा व्हावा म्हणून निवेदने देणे हा त्यांचा दुसरा व्यवसाय. ते नांदेडला आले तेव्हा मी त्यांनाही खेळ समजावून सांगितला.

"चित्र न्हाई?"

"नाही, मामा."

"दिसत काहीच न्हाई?"

"फक्त लिहिलेलं वाचायचं. बाकी मनात उभं करायचं."

"मग आमच्या जिल्ह्यासारखंच की. कागदावर कलेक्टर कचेरीसुद्धा हाय. जाऊन बघावं तर माळ."

गढीच्या वर्णनाची दोन पाने मात्र त्यांनी लक्षपूर्वक वाचली. मला वाटले, आता खेळतील. त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा. आमचं पुढचं निवेदन तुम्हीच लिहा."

मी लिहून दिले. ते पुष्कळांनी वाचले म्हणतात.

*

अभ्यासक्रम संपत आला. सगळे आपापल्या गावी जाणार होते. मी दमलो होतो. तरी वर्गातल्या सुनीताला शेवटचे विचारले. ती हिमायतनगरची. हातात घेतलेले अर्धवट सोडत नाही, अशी तिची ख्याती होती.

तीन दुपारी ती लॅबमध्ये बसली. बारव ओलांडून, जिने चढून शेवटच्या दालनाच्या दारापर्यंत पोहोचली. तिथे रखवालदार असतो. तो विचारतो, 'पोट भरले तरी जी भरत नाही, सगळे मिळाले तरी जी सुटत नाही, ती कोण?' उत्तर मी शब्दकोशातून पारखून घेतले होते. दोन अक्षरी, निर्विवाद. त्याखेरीज दुसरा शब्द चालत नाही.

सुनीताने टाइप केले, 'भूक.' नाही. 'तहान.' नाही. 'नोकरी.' नाही.

"थोडं तरी सांग ना रे."

"तत्त्वात बसत नाही."

तिने आणखी अकरा शब्द घातले. तिच्या बसची वेळ झाली, तिने बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात रखवालदाराने, चुकीची उत्तरे फार झाली की विचारतो तसे, विचारले, 'थकलास का?'

"आता हा मला थकलास म्हणून राहिला," ती पुटपुटली आणि उभ्या उभ्याच टाइप केले, 'हाव.'

पडद्यावर आले, 'रखवालदार मान लववतो. बरोबर ओळखलेस, असे म्हणून तो बाजूला होतो. दार उघडते.'

सुनीताने पडद्यावरचे पुन्हा वाचले. मग बॅग खाली ठेवून सावकाश खुर्चीवर बसली.

"थकलेल्याला आत सोडतो व्हय रे हा?"

चार महिने लिहिलेले ते दालन तिच्यासमोर उघडत होते. मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "हाव."